अलगदबाईंचा ब्रेक

टिल्याची आई मेट्रोची ड्रायव्हर होती. शहरात जमिनीखालून पहिल्यांदा गाडी धावली, तेव्हा ज्या मोजक्या बायकांनी हँडल हातात धरलं, त्यांतली ती एक. गाडी अशी थांबवायची, की उभ्या माणसाच्या हातातला चहा कपाच्या काठाला शिवत नसे. म्हणून ड्रायव्हरांच्या खोलीत तिचं नाव पडलं अलगदबाई. जीभ मात्र अलगद नव्हती. नवशिका पोरगा गचका देऊन गाडी थांबवायचा, तेव्हा ती खोलीत सगळ्यांदेखत विचारायची, "काय रे, गाडी थांबवलीस की आपटलीस?"

नवरा लवकर गेला. शाळा सुटली की मुलगा ड्रायव्हरांच्या खोलीत यायचा आणि लॉकरांच्या मधल्या बाकावर आईची फेरी संपेपर्यंत गृहपाठ करत बसायचा. अंगानं टिचभर, म्हणून तिथल्या लोकांनी त्याला टिल्या म्हटलं. पुढे तो ताडमाड वाढला, डोकं दाराच्या चौकटीला लागायला लागलं, मग त्या डोक्यावरचे केसही विरळ झाले. पण आईच्या तोंडी तो टिल्याच राहिला.

तो डिझायनर झाला, आणि नशिबाचा खेळ बघा, त्याला काम मिळालं ते बिनड्रायव्हरच्या मेट्रोचं. गाडीचा पुढचा भाग, म्हणजे तिचं नाक, त्याच्याकडे आलं. घरी सांगताना त्याची जीभ अडखळली. आईनं चहाचा घोट घेतला आणि म्हणाली, "पोटावर पाय येणारच आहे, तर घरचा आलेला बरा. निदान बोटं तरी ओळखीची असतील."

त्यावर सगळे हसले. सूनही हसली. टिल्याला वाटलं, सुटलो.

सुरुवातीला त्या नाकात केबिन नव्हतीच. समोर छतापासून पायापर्यंत काच आणि काचेला लागून प्रवाशांची दोन आसनं, एवढंच. टिल्यानं कारखान्याच्या शेडमध्ये प्लायवुडचा पूर्ण मापाचा नमुना उभा केला आणि कंपनीनं शहरातल्या लोकांना तो बघायला बोलावलं. एक म्हातारे गृहस्थ आत शिरले, काठी टेकत थेट पुढे गेले, काचेवर टकटक केली आणि विचारलं, "चालवणारा कुठाय?"

"कुणीच नाही, आजोबा. गाडी स्वतःच चालते."

"बरं. मग मीही स्वतःच उतरतो," म्हणाले आणि उतरले.

तेव्हा गंमत वाटली. पण पुढे रुळांवर खऱ्या गाडीच्या चाचण्या सुरू झाल्या, तरी तेच. बोलावलेले लोक मागच्या डब्यांत दाटीवाटीनं उभे राहायचे आणि पुढची आसनं रिकामी. प्रश्नावल्या झाल्या, बैठका झाल्या, आणि शेवटी प्रकल्पाच्या प्रमुखांनी टिल्याला बोलावून घेतलं.

प्रमुखसाहेब आवाज कधी चढवत नसत. खुर्चीतसुद्धा असे बसत, जणू कुणी झोपलंय आणि त्याची झोप मोडायची नाही. ते म्हणाले, "लोकांना ड्रायव्हर नकोय रे. त्यांना ड्रायव्हरची पाठ हवीय. समोर युनिफॉर्ममधलं एक माणूस दिसलं की झालं. काचेची छोटी केबिन कर, एक आसन, चार दिवे आणि एक ब्रेकचं हँडल."

"हँडल जोडायचं कशाला, सर?"

"कशालाच नाही."

साहेबांनी समजावलं. माणसाच्या हातात ब्रेक दिला, की आजवरच्या सगळ्या चाचण्या पुन्हा पहिल्यापासून कराव्या लागणार. शिवाय माणूस घाबरतो, नको तिथे ओढतो, मागून येणारी गाडी अडते. लोकांना सवय लागेपर्यंतचाच प्रश्न होता. नंतर केबिन काढून टाकायची.

"मग जो बसेल त्याला सांगायचं?"

"सांगितलं तर ते तोंडावर दिसेल. आपण खोटे आहोत हे ज्याला ठाऊक असतं, तो खरा दिसत नाही."

हे टिल्याला पटलं असं नाही. पण पटलं नाही असंही तो म्हणाला नाही.

त्याच सुमारास आईच्या जुन्या लाइनचंही रूपांतर सुरू झालं होतं. एकेक करून ड्रायव्हर हँडलवरून उतरवले जात होते. आईला हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर बसवलं. छत्र्या, एकेकटे हातमोजे, चष्मे. पहिल्या दिवशी घरी येऊन म्हणाली, "मीही त्यातलीच एक. फरक एवढाच, की मला न्यायला कुणी येत नाही." त्यानंतर तिचे विनोद आटले. भाजी खारट झाली तरी ती मुकाट खायची. टिल्या पायपुसण्यावरून बूट घालून आत आला तरी काही बोलायची नाही. आई ओरडत नाही म्हटल्यावर घर घाबरलं.

म्हणून टिल्यानंच तिचं नाव सुचवलं. त्यात कपट नव्हतं. आईला पुन्हा युनिफॉर्ममध्ये बघावं, एवढंच त्याच्या मनात होतं. प्रमुखसाहेब तर हरखलेच. "पिकलेले केस, शांत चेहरा, वर नावाजलेली ड्रायव्हर! अरे, हे आधी का नाही बोललास?"

त्यानं घरी सांगितलं तेव्हा आईनं डोळे बारीक केले. "गाडी आपली आपण चालते ना? मग मी तिथे बसून काय माश्या मारू?"

"अडीअडचणीला ब्रेक तुझ्या हातात राहील," टिल्या म्हणाला.

वाक्य तोंडातून गेलं आणि परत घेता आलं नाही. आईनं हात पुसले, ओट्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "म्हणजे शेवटी माणूस लागतंच." दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं चहा पाणचट झाला म्हणून सुनेला झाडलं. सुनेनं दारात टिल्याला गाठून हळूच सांगितलं, "आई परत आल्या."

मग टिल्यानं ते हँडल बनवलं. आजवर कुठल्याच कामात ओतला नव्हता एवढा जीव त्यात ओतला. आईच्या मुठीचा ठसा मातीत घेतला आणि त्यावरून पकड घडवली. पहिला नमुना तिच्या हातात दिला तर म्हणाली, "जड कर. हलक्या हँडलवर भरवसा बसत नाही." त्यानं आत वजन घातलं. ओढताना हाताला नेमका विरोध व्हावा म्हणून तीन वेळा स्प्रिंग बदलली. रोज गाडी सुटण्याआधी हँडल तपासायचं असा नियम केला: गाडी उभी असताना ते ओढायचं, की हिरवा दिवा लागायचा आणि हवेच्या ब्रेकसारखा फुस्स आवाज यायचा. तो आवाज एका लहानशा स्पीकरमधून येई. खुद्द इंजिनिअर ते ओढून बघायचे आणि म्हणायचे, "वा, काय बेमालूम झालंय!" टिल्याला त्याचं बरं वाटायचं. कामाचं कौतुक कुणाला नको असतं?

आई कामावर रुजू झाली. चाचणीच्या फेऱ्या सुरू होत्या. काचेआड तिची ताठ पाठ दिसायची, आणि साहेबांचं म्हणणं खरं ठरलं. लोक पुढच्या डब्यात बसायला लागले. गाडी थांबली की काही जण केबिनच्या काचेशी येऊन तिला हात करायचे. तीही मान हलवायची. घरी आल्यावर गाडीला नावं ठेवायची. "वळणावर जरा घाई करते. पण शिकेल. पोर नवीन आहे."

आणि मग एका दुपारी ते घडलं.

शहराबाहेरच्या उन्नत मार्गावर, स्टेशनच्या पुढे, एक रंगारी शिडी लावून रुळांलगतचा खांब रंगवत होता. तिथे त्या वेळी काम चालायलाच नको होतं. कुणी परवानगी दिली, कुणी नाही, यावर पुढे बरीच चिखलफेक झाली. शिडी सरकली आणि आडवी रुळांवर पडली, पाठोपाठ रंगारी पडला. गाडी वळणावरून येत होती. आईनं शिडी बघितली, माणूस बघितला आणि सगळा जोर लावून हँडल ओढलं. गाडी थांबली. रंगाऱ्यापासून इतकी जवळ, की त्याच्या डब्यातला सांडलेला रंग पुढच्या चाकाखाली गेला होता.

आई केबिनमधून उतरली. तिनं रंगाऱ्याला काखेत हात घालून उठवलं आणि पहिलं वाक्य बोलली ते असं: "मूर्खा, मरायला माझीच गाडी सापडली?" डब्यातल्या लोकांनी हे सगळं फोनवर टिपलं. संध्याकाळपर्यंत ते वाक्य घराघरात पोचलं होतं.

आठवडाभर घरात माणसांची रीघ लागली. शेजारीपाजारी, जुने ड्रायव्हर, वार्ताहर. रंगारी बायकोला घेऊन आला आणि आईचे दोन्ही हात धरून नुसता रडला. आई प्रत्येकाला तेच सांगायची. "हाताला कळलं हो. हँडल ओढलं आणि गाडी अंगाखाली बसली. आयुष्यात एवढे ब्रेक लावले, पण असा नाही लागला." आणि मग टिल्याकडे बोट दाखवून, "हँडल यानं केलंय. माझ्या मुठीचं."

टिल्या उठून आत जायचा. सून त्याच्याकडे बघत राहायची. तिला त्यानं पहिल्याच रात्री सगळं सांगून टाकलं होतं.

गाडीनं काय केलं, ते दुसऱ्याच दिवशी प्रमुखसाहेबांनी त्याला पडद्यावर दाखवलं होतं. शिडी कलली, तेव्हाच गाडीनं ब्रेक लावायला सुरुवात केली होती. आईचा हात हँडलवर पडेपर्यंत गाडीचा वेग निम्म्यावर आला होता. "कोंबडं आरवलं म्हणून उजाडलं, असा हा प्रकार," साहेब गालात हसले. "पण राहू दे. लोक खूश आहेत." कंपनीनं आईचे फोटो स्टेशनांवर लावले. खाली लिहिलं, 'आमच्या गाडीला आईची नजर.'

युनियनचा सेक्रेटरी मात्र अशा संधीची वाटच बघत होता. त्याला सगळे भोंगा म्हणायचे. बोलायला लागला की पलीकडच्या प्लॅटफॉर्मवर ऐकू जायचं. आईच्याच बरोबरीचा, तिच्याच लाइनवरचा. त्यानं मागणी केली: प्रत्येक गाडीत ड्रायव्हर हवा, हातात ब्रेक असलेला, आणि जुन्या लाइनवरचे उतरवलेले सगळे लोक परत घ्या. "यंत्रावर सोडलं असतं तर रंगाऱ्याचा चेंदामेंदा झाला असता. अलगदबाई होती म्हणून वाचला!" शहर त्याच्या बाजूनं झालं. नव्या लाइनचं उद्घाटन पुढे ढकललं गेलं, सुरक्षा समिती नेमली गेली, आणि समितीनं आईला साक्षीला बोलावलं.

आता साहेबांचं हसू मावळलं. त्यांनी टिल्याला बोलावून दार लावून घेतलं.

"उद्या समितीपुढे तू बोलायचंस."

"सर, ती माझी आई आहे."

"म्हणूनच. मी बोललो तर लोक म्हणतील, कंपनी एका म्हातारीच्या मागे लागली. तू बोललास तर तो निव्वळ तांत्रिक खुलासा होईल." थोडं थांबून ते म्हणाले, "आणि हे खोटं तर नाही ना? माणसाच्या ब्रेकवर लोकांनी भरवसा ठेवला आणि उद्या खरंच कुणी मेलं, तर?"

ते खोटं नव्हतं, हीच तर अडचण होती. मुख्य डिझायनरची जागा रिकामी होती, पण साहेबांनी तिचा उल्लेखही केला नाही. गरजच नव्हती.

संध्याकाळी घरी आला तर आई युनिफॉर्मला इस्त्री करत होती. बाही उलटी करून, शिवणीवरून, जपून. सुनेनं टिल्याला गॅलरीत ओढलं. "आजच सांग. आत्ता. उद्या चारचौघांत कळण्यापेक्षा घरात कळू दे. रडतील, ओरडतील, पण घरात."

"सांगतो."

तो आत गेला. आईनं इस्त्री उभी ठेवली. "टिल्या, मी तिथे काय बोलू रे? मला काही ते समितीचं बोलणं जमत नाही."

"खरं ते बोल," टिल्या म्हणाला.

"ते तर बोलणारच. पण भोंगा म्हणतो, पाठ करून बोल. मी त्याला म्हटलं, पाठ तुम्ही करा, मी हातानं केलंय." ती स्वतःशीच हसली आणि पुन्हा इस्त्री फिरवायला लागली. टिल्या तिथे बराच वेळ उभा होता. मग त्यानं विचारलं, जेवायचं का? आणि जेवायला बसले.

समितीचा हॉल माणसांनी भरला होता. एका बाजूला युनियनचे लोक, एका बाजूला कंपनीचे. आई भोंग्याच्या शेजारी बसली होती. तिची साक्ष झाली. साधी, जशी घरी सांगायची तशीच. टाळ्या पडल्या. मग समितीच्या अध्यक्षबाईंनी टिल्याला पुकारलं.

त्यानं आईकडे न बघता पडद्यावरचे आकडे समजावले. शिडी कधी कलली, ब्रेक कधी लागला, हँडल कधी हललं. भोंगा उठून ओरडला, "आकडे काय, हवे तसे लिहिता येतात!" मग अध्यक्षबाईंनी हँडल दाखवायला सांगितलं. ते केबिनमधून काढून आणलंच होतं. टिल्यानं ते टेबलावर ठेवलं, स्क्रूड्रायव्हरनं झाकण उघडलं आणि आतलं एकेक बाहेर काढून मांडलं. लोखंडाचं वजन. स्प्रिंग. दिव्याचा खटका. बोटाच्या पेराएवढा स्पीकर. ब्रेककडे जाणारी तार नव्हती. कुणीतरी तो खटका दाबला आणि स्पीकरमधून फुस्स असा आवाज आला.

हॉलमध्ये हशा पिकला. कंपनीच्या बाजूनं आधी, पण युनियनच्या बाजूनंही आला. माणसाला हसू येतं तेव्हा बाजू आठवत नाही.

आई उठून टेबलापर्यंत आली. तिनं पकड उचलून मुठीत धरली. आता वजन काढल्यावर ती अगदीच हलकी झाली होती.

"हे असंच होतं? पहिल्यापासून?" तिनं विचारलं.

"हो," टिल्या म्हणाला.

"छान केलंयस. शंकासुद्धा आली नाही."

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. त्यांना हसू आलं नव्हतं. त्या टिल्याला म्हणाल्या, "मला एक सांगा. हँडल जोडलेलं नाही, हे यांना ठाऊक होतं का?"

एवढ्या एका प्रश्नात सगळं होतं. नाही म्हटलं तर कंपनीनं आपल्याच कर्मचाऱ्याला फसवलं असं ठरणार, आणि फसवणारं हँडल कुणी बनवलं, तर टिल्यानं. साहेब मागच्या रांगेत नखं बघत बसले होते.

"प्रशिक्षणात त्यांना सगळी कल्पना दिली होती," टिल्या म्हणाला.

अध्यक्षबाई आईकडे वळल्या. "खरंय का हे?"

आईनं मुलाकडे बघितलं. नेहमी त्याच्याकडे बघायला तिला मान वर करावी लागायची, तशीच तिनं आताही केली. तिनं 'नाही' म्हटलं असतं, तर टिल्याची नोकरी तिथेच गेली असती, आणि कदाचित नोकरीवर भागलंही नसतं. हे तिला कळलं होतं, हे त्याला दिसलं.

"हो," ती म्हणाली. "सांगितलं होतं मला."

युनियनच्या बाजूला कुणी खुर्ची सरकवली. आई आपल्या जागेवर परत गेली, तेव्हा तिच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. भोंगा दोन रांगा मागे जाऊन बसला होता.

बाहेर व्हरांड्यात टिल्या तिच्यामागे धावला. "आई, थांब. ऐक तरी—"

ती थांबली. "साहेब," ती म्हणाली, "जरा वाट देता का? मला बस गाठायचीय."

त्याला वाटलं, राग आहे, निवळेल.

निकाल कंपनीच्या बाजूनं लागला. जुन्या लाइनवरचे लोक परत घेतले गेले नाहीत. काहींना खिडक्यांवर बसवलं, बाकीच्यांना घरी. आणि त्या सगळ्यांचा राग कंपनीवर जायचा तो गेला आईवर. बाई सगळं ठाऊक असून कंपनीच्या बाजूनं नाटक करत होती, युनियनला भरीस घातलं आणि ऐन वेळी मायलेकांनी मिळून गाडलं, असं जो तो बोलायला लागला. ड्रायव्हरांच्या खोलीत तिचं नाव बदललं. आता तिला फुस्सबाई म्हणायचे. तिनं मुदतीआधीच नोकरी सोडली. निरोपाला कुणी आलं नाही. रंगारी तेवढा आला, फाटकापर्यंत सोडायला.

घरी ती पूर्वीसारखीच वागत होती. सुनेशी बोलायची, शेजारणीशी बोलायची, कुंड्यांना पाणी घालायची. फक्त टिल्या समोर आला की उठून उभी राहायची. "बसा ना. चहा घेणार का तुम्ही?"

पहिले काही दिवस त्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मग एकदा म्हणाला, "आई, पुरे झाली थट्टा."

"थट्टा कसली? तुम्ही आता मोठे झालात. मुख्य डिझायनर. माणसानं मान ठेवायला हवा."

आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर त्याला भांडता आलं असतं. नवख्या पाहुण्याशी माणूस जसं नीट, बेतानं बोलतो, तशी ती बोलायची. टिल्या हा शब्द त्यानंतर त्या घरात ऐकू आला नाही. बायको त्याला त्या नावानं कधी हाक मारतच नव्हती, आणि ज्यांनी ते नाव ठेवलं, ते लोक आता त्याला ओळख देत नव्हते.

एका रविवारी न राहवून तो भोंग्याच्या घरी गेला. भोंगा दारातच उभा राहिला, आत ये म्हणाला नाही.

"काका, तिला ठाऊक नव्हतं," टिल्या म्हणाला. "आम्ही तिला सांगितलंच नव्हतं. मला वाचवायला ती हो म्हणाली."

भोंग्यानं त्याच्याकडे बघितलं. त्याचा तो दणदणीत आवाज त्या दिवशी अगदी खाली होता. "हे समितीपुढे बोलतोस? मी उद्याच त्यांना भेटतो."

टिल्या त्याच्या दारातल्या फरशीकडे बघत राहिला.

"मग घरी जा," भोंगा म्हणाला. "मला सांगून काय उपयोग? मला तर ते त्याच दिवशी कळलं होतं. बाईच्या तोंडाकडे बघितलं होतं ना मी."

"मग तुम्ही लोकांना—"

"मी लोकांना काय सांगू? पुरावा काय? पुरावा तर तूच खाऊन बसलायस." आणि त्यानं दार लावलं. आपटलं नाही.

टिल्यानं हे बायकोला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. तिनं हातातली घडी पूर्ण केली आणि म्हणाली, "त्यांनी तुला वाचवलं. वाचवून झाल्यावर टाकलं. आता तू मला विचारू नकोस काय करू म्हणून. मी सांगितलं होतं तेव्हा तू जेवायला बसलास."

नवी लाइन सुरू झाली. केबिनमध्ये कुणालाच बसवलं नाही. हँडलची गोष्ट शहरभर झाल्यावर लोक बिचकतील अशी साहेबांना धास्ती होती, पण कसलं काय! महिना झाला नाही तोच पुढच्या आसनांसाठी धक्काबुक्की सुरू झाली. केबिनची काच काढली गेली. टिल्याला त्या नाकाच्या डिझाइनसाठी बक्षीस मिळालं. समारंभाला त्यानं आईला 'चल' म्हटलं. ती म्हणाली, "तुमची माणसं असतील तिथे. मी काय करू?"

पुढच्या वर्षी तिला छातीचा त्रास झाला. दवाखान्यात ठेवलं. टिल्या ऑफिसातून थेट तिथे जाऊन बसायचा. ती डोळे मिटून पडायची, किंवा शेजारच्या खाटेवरच्या बाईशी गप्पा मारायची. एकदा नवी नर्स आली. तिनं चादर सारखी करता करता सहज विचारलं, "आजी, हे तुमचे कोण?"

आईनं डोळे उघडून त्याच्याकडे बघितलं. अगदी सावकाश.

"ओळखीचे आहेत," ती म्हणाली. "मेट्रोत साहेब आहेत. येतात बिचारे."

"मी मुलगा आहे," टिल्या म्हणाला.

नर्सनं एकदा तिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघितलं, आणि अशा घरांची तिला सवय असावी, तशी ती पुढच्या खाटेकडे गेली. आईनं कूस बदलली.

ती बरी होऊन घरी आली. घर तिचंच होतं, तिच्याच कमाईचं. जायचं असतं तर टिल्याला जावं लागलं असतं, आणि तो गेला नाही. आपण इथे राहिलो तर एखाद्या दिवशी ती चुकून 'तू' म्हणेल, असं त्याला वाटत असावं.

कधी कधी तो लवकर परततो आणि जिन्यातच त्याला आतलं हसणं ऐकू येतं. स्वयंपाकघरात आई कुणाची तरी नक्कल करत असते, तीच जुनी धारदार जीभ, आणि सून हसून हसून "आई, पुरे, पोट दुखलं" म्हणत असते. तो आवाज न करता कुलूप उघडतो आणि पॅसेजमध्ये बूट न काढता उभा राहतो. आत गेलं की आई उठणार, हात पुसणार, खुर्ची ओढून देणार आणि 'या' म्हणणार. म्हणून तो तिथेच थांबतो, त्यांचं बोलणं संपेपर्यंत.